रंगपेटीवरचं नाव

मंगळवार, २३ सप्टेंबर

रात्रभर झोपले नाही. नुसती पडून होते. लेकीचा, रुदैनाचा, पाय माझ्या पोटावर, आणि मी छताकडे बघत. कारण सांगायला घरात कुणी नाही, म्हणून इथे लिहिते. काल मी हाज बसयूनीच्या वह्या-रंगांच्या दुकानात कोऱ्या कागदावर सही केली. सही पण केली आणि अंगठा पण उठवला. अंगठ्याची निळी शाई अजून गेली नाही, साबणाने घासून घासून चामडी लाल झाली.

तो अमानतीचा कागद आहे. इथे दुम्यात शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ते काय असतं. त्यात लिहिलेलं असतं की अमक्याने पैसे तुझ्या हाती सोपवले, तमक्याला पोचवायला. नाही पोचवले तर ती उधारी नाही, चोरी. आणि चोरीला तुरुंग. माझ्या कागदावर आकड्याची जागा मोकळी आहे. मी विचारलं, "हाज, इथे काही लिहायचं नाही का?" तो हसला. म्हणाला, "आकडा कशाला पोरी? तुला जमेल तसं दे. आकडा लिहिला की तूच घाबरशील." तेव्हा मला ते बरं वाटलं. मागे रांगेत बाया होत्या, त्यांनीही केल्या सह्या. सगळ्याच करतात. पोरीच्या लग्नाला फ्रिज घेताना करतात, गादी घेताना करतात. मग मी केली तर काय झालं?

पण मग झोप का नाही येत.

शाळेचं सामान मी आधीच घेतलं होतं, रोखीने. बदकं विकली, जुना पंखा विकला. रविवारी शाळेचा पहिला दिवस. फाटकाशी आम्ही आया पिशव्या घेऊन उभ्या, जणू हजला निघालोय. मिस नरमीन एकेकीची पिशवी उघडून बघत होती. माझी बघितली आणि म्हणाली, "मॅडम, चित्रवाल्या वह्या चालत नाहीत. साधं निळं कव्हर हवं. रंग पण हे नाहीत, कागद पण जाड हवा."

मी म्हटलं, "मिस, घरी जाऊन निळा कागद चढवते."

"चढवलेला पण नको. वर्गात सगळ्यांच्या सारख्या दिसल्या पाहिजेत. उद्या अधिकारी आले तर मी काय दाखवू?"

रुदैना माझ्या झग्याला धरून उभी. तिला वाटलं तिलाच परत पाठवतायत. रडली नाही, पण हात गार पडला तिचा. म्हणून मी दुसऱ्या दिवशी हाज बसयूनीकडे गेले, उधारीवर नवं सामान घ्यायला.

नाकारलेल्या वह्या कुणी परत घेत नाही. त्यातलीच ही एक. वर मांजराचं चित्र आहे. मी सहावीत शाळा सोडली, तेव्हापासून मला कुणी नवी वही दिली नव्हती.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सामान दिलं. घेतलं मिसने. एकदाचं झालं.

समोरच्या दारातली उम्म किरोलुस, किरोलुसची आई, आली होती. शाळेने मागितलेलं मी तिला वाचून दाखवलं, तिला वाचता येत नाही. टिश्यूचे डबे, हात धुवायचा साबण, जंतुनाशक, कापूस, कागदांचे गठ्ठे, चमकी, रंगीत माती, दोन प्रकारचा डिंक. ती म्हणाली, "अगं उम्म रुदैना, पोरगी शिकायला चाललीय का कुणाचं बाळंतपण करायला?" मी किती दिवसांनी हसले. मग तीच म्हणाली, "कागद कुणाच्या नावाने केलास?" मी म्हटलं बसयूनीच्या. ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, "बरं. लवकर मोकळी हो." एवढंच.

माझा भाऊ महरूस आज बोटीवर चालला. तो इझबत अल-बुर्जला राहतो, मासेमारीला लांब जातात, महिना-दीड महिना फोन लागत नाही. निघताना फोन केला त्याने. "काय गं, आवाज असा का?"

"सर्दी झालीय."

"रजबचा फोन?"

"येतो की." खोटं बोलले. रजब लिबियात फरशा बसवतो. उन्हाळ्यापासून त्याचा फोन नाही, पैसे नाहीत. पण महरूसला सांगितलं तर तो म्हणणार, मी तेव्हाच म्हणत होतो त्याच्याशी लग्न करू नको. मला ते आत्ता ऐकायचं नाही.

रुदैनाने सगळ्या वस्तूंवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नाव मी लिहिलं आणि प्रत्येकावर तिने एक मासा काढला. मामा मासे धरतो म्हणून. माशाला पापण्या काढते ही.

बुधवार, १ ऑक्टोबर

रुदैनाला विचारलं, आज काय रंगवलं? म्हणाली काही नाही. काल? काही नाही. "रंग कपाटात आहेत ममा. मिस म्हणते, वापरले की संपतात."

मी म्हटलं, मग तू कशाने काढतेस?

"आम्ही नाही काढत. आम्ही फळ्यावरचं लिहितो. माती पण कपाटात आहे. मी बघितली, खूप छान लावून ठेवलीय."

असेल बाई. मिसला शाळेचं जास्त कळतं. पुढे काढतील.

दुपारी हाज बसयूनीला भेटायला गेले, सांगायला की या महिन्यात जमणार नाही.  पण तो तर रागावलाच नाही. चहा मागवला माझ्यासाठी. म्हणाला, "पोरी, मी काय तुझा गळा धरणार आहे? मागच्या गुदामात बाया बसतात, सामान निवडतात. दुपारी येऊन बसत जा. तुझ्या हिशोबात धरू." देवमाणूस आहे. लोक उगीच काहीबाही बोलतात. उम्म किरोलुसला सांगितलं तर ती म्हणाली, "देवमाणूस फुकट चहा पाजत नाही." तिला सगळ्यांच्यात खोट दिसते.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज सुट्टी, तरी गुदामात गेले. रुदैनाला उम्म किरोलुसकडे ठेवलं.

काम अवघड नाही. खोकी येतात. त्यात वह्या, रंगपेट्या, डिंक, कात्र्या, कागदांचे गठ्ठे. सगळ्यावर पोरांची नावं चिकटवलेली. रॉकेलचं फडकं घेऊन ती नावं काढायची, पुसून कोरडं करायचं, नवीन पिशवीत घालायचं. मी विचारलं, हे कुठून आलं? शेजारची म्हणाली, "परत आलेला माल." मला वाटलं, माझ्यासारख्याच कुणाच्या वह्या नाकारल्या असतील. पण मग दुकानदार परत घेतो की! माझ्याच का नाही घेतल्या? विचारायला हवं होतं मी पण.

तिथल्या बाया फार बोलत नाहीत. एक जण दोन वर्षांपासून येते. मी म्हटलं, दोन वर्षं? एवढं काय घेतलं होतंस? ती म्हणाली, "तीन पोरांच्या बॅगा." आणि फडकं पिळलं.

घरी आल्यावर रुदैना म्हणाली, ममा तुझ्या हाताला दिव्यासारखा वास येतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज हाजला विचारलं, माझं किती फिटलं? तो म्हणाला, "आपल्यात कसला हिशोब?" मी म्हटलं, हाज, तरी सांगा ना. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. म्हणाला, "तू इथे खूश नाहीस का?"

बोटांची साल निघतेय. मीठ लागलं की झोंबतं, म्हणून खारं चीज आज रुदैनालाच दिलं सगळं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

घरी आल्या आल्या लिहिते.

खोकं उघडलं. वर कागदांचे गठ्ठे, खाली रंगपेट्या. एक उचलली, फडकं लावायला गेले, आणि चिठ्ठीवर मासा. पापण्यावाला. खाली माझं अक्षर. रुदैना रजब, पहिली, ब.

पेटी उघडली. एकही रंग वापरलेला नव्हता. टोकं सगळी तशीच.

मी काय केलं ते मलाच नीट आठवत नाही. पेटी घेऊन दुकानात गेले, पुढच्या बाजूला, गिऱ्हाईक होतं तिथे. ओरडले. "हाज, ही माझ्या मुलीची आहे! ही मी तुमच्याकडूनच घेतली! हिच्यासाठी सही केली मी! ही परत इथे कशी आली?"

गिऱ्हाईक बाया जवळ सरकल्या. हाज बसयूनी हसत होता. "शांत हो पोरी. मासा काय समुद्रात एकच असतो?"

"हे माझं अक्षर आहे."

"बरं आहे मग. शाळेने गरिबांना वाटायला दिलं असेल. तुला नको का गरिबांचं भलं?"

एक बाई मागून म्हणाली, "मग दाखवा आम्हाला पण, आमच्या पोरांचं काय काय आहे आत." दुसरी म्हणाली, "आणि विकता कितीला?" तेव्हा त्याचं हसू गेलं. त्याने दुकान लावून घेतलं. मला म्हणाला, "घरी जा." हळू म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पेटी माझ्याकडे आहे. रुदैनाला दाखवली नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

उम्म किरोलुस काल दिवसभर पायात वहाणा घालून फिरत होती. हिच्या दारी, तिच्या दारी. सात-आठ जणी जमल्या माझ्या खोलीत, काहींना बसायला जागा नाही, गादीवर उभ्या. सगळ्यांनी सह्या केल्यात त्याच्याकडे. त्यातल्या दोघी म्हणाल्या, आमच्या पोरी पण म्हणतात रंग कपाटात. शनिवारी सगळ्यांनी मिळून दुकानात जायचं, गुदाम उघडायला लावायचं, आणि तिथून शिक्षण कार्यालयात. उम्म किरोलुस म्हणाली, "पेटी हिच्याकडे आहे, बोलणार ही. आपण हिच्या मागे. एकटी बाई वेडी ठरते, आठ बाया वेड्या ठरत नाहीत."

मला पहिल्यांदा वाटलं की मी कुणीतरी आहे.

दुपारी हाजचं बोलावणं आलं. मी उम्म किरोलुसला न सांगता गेले. का गेले? भीती वाटली. नाही गेले तर काय करेल याची.

त्याने कागद माझ्यासमोर धरला. हातात दिला नाही. माझी सही, माझा अंगठा. आणि मोकळ्या जागेत आता आकडा. नव्वद हजार पौंड. शब्दांत पण लिहिलेलं. नव्वद हजार मी कधी एकत्र बघितले पण नाहीत. त्यात आख्खी शाळा रंगवून निघेल.

"एवढं मी घेतलं नाही हाज."

"कागद म्हणतो घेतलंस."

"अल्लाची शपथ तुम्हाला."

"शपथ कशाला घालतेस? मी काय कठोर आहे? शनिवारी त्या बायांसमोर एवढंच म्हण, की गुदामातल्या पेटीवर चिठ्ठी तूच चिकटवलीस. पैसे बुडवायला. एक वाक्य. त्यांच्यासमोरच कागद फाडतो, तुझ्या डोळ्यांदेखत. मग तू मोकळी, मी मोकळा. नाही म्हणालीस तर रविवारी ठाण्यात जातो." मग म्हणाला, "मुलगी कोणाकडे राहील गं तुझी? नवरा तर इथे नाही."

महरूसला फोन लावला. लागत नाही. पुन्हा लावला. समुद्रात कुठे असेल.

शनिवार, १८ ऑक्टोबर

बोलले.

सगळ्या आल्या होत्या. उम्म किरोलुस पुढे, मी तिच्या शेजारी. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, "बोल गं." मी बोलले. चिठ्ठी मीच चिकटवली. पैसे द्यायचे नव्हते म्हणून.

तिचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग म्हणाली, "माझ्याकडे बघून बोल."

मी बघितलं नाही.

कुणीतरी म्हणालं, "आम्ही कामं टाकून आलो हिच्यासाठी." कुणी थुंकलं. हाज बसयूनी म्हणाला, "जाऊ द्या आता, चूक झाली पोरीकडून, मी माफ केलं." मला माफ केलं! मग खिशातून कागद काढला. घडी घातलेला होता. घडीसकटच फाडला, उभा आडवा, आणि चहाच्या बशीत काडी लावली. मी तुकडे जळताना बघितले. एका तुकड्यावर माझा अंगठा दिसला, काळा. माझा निळा होता असं मला वाटत होतं. पण शाई जुनी झाली की काळी पडत असेल.

झालं. गेलं. मी रस्त्यात बसून रडले. मग मशब्बक घेतला, गरम, पाकातला, कागदात बांधून. रुदैनाने बोटं चाटली आणि विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, आज ममा मोकळी झाली.

उम्म किरोलुसला अर्धा द्यायला गेले. दार उघडलं नाही तिने. आत रेडिओ चालू होता.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

गुदामात जात नाही आता. एका घरी भाज्या निवडून द्यायचं काम मिळालंय, मुलुखियाची पानं खुडायची. झोप लागते. पण जिन्यात उम्म किरोलुस दिसली की ती भिंतीकडे सरकते, जणू मी ओली आहे. मी दोनदा म्हटलं, "ताई, ऐक तरी." ती म्हणाली, "तुझ्यासोबत आलेल्या बायांना तुझ्या मुलीच्या वयाच्या पोरी आहेत. त्या बाया आता परत गुदामात बसल्यात. दोघींच्या कागदावरचे आकडे त्याने मोठे केलेत, तुझ्या मागे उभ्या राहिल्या म्हणून." आणि वर गेली.

मला हे माहीत नव्हतं. मला फक्त माझाच कागद माहीत होता.

रुदैनाच्या शाळेतून निरोप आलाय. रंगपेटी हरवली आहे, नवी आणावी. ती जुनी मी रॉकेलने पुसून दिली. मासा निघाला, डाग राहिला.

महरूसला रोज लावते. अजून नाही लागत.

बुधवार, २९ ऑक्टोबर

घाईत लिहिते. हवालदार खाली थांबलाय. भला माणूस आहे, म्हणाला, "कपडे घाला बाई, मी जिन्यात उभा राहतो, बोभाटा नको." नव्वद हजारांचा कागद ठाण्यात आलाय, बसयूनीचा. मी म्हटलं तो तर फाडला, जाळला, माझ्यासमोर. तो म्हणाला, "फाडला तो तुम्ही हातात घेऊन बघितला होता का?" मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "अशा रोज एक-दोन येतात बाई. छापून घेतलेली नक्कल फाडतात."

उम्म किरोलुसचं दार वाजवलं. ती बाजारात गेलीय. ही वही तिच्या दाराखालून आत सरकवते. ताई, तुला वाचता येत नाही, पण तू कुणाला तरी दाखवशील. ज्याला दाखवशील त्याच्यासाठी हे.

जे कुणी वाचत असाल, आधी उम्म किरोलुसला मोठ्याने सांगा: मी त्या दिवशी खोटं बोलले. चिठ्ठी रुदैनाचीच होती. ज्या दोघींचे कागद मोठे झाले त्यांनाही सांगा. मी ठाण्यात पण हेच सांगणार आहे. माझ्यावर विश्वास ठेवा म्हणत नाही, पण सांगा.

रुदैना शाळेत आहे. दुपारच्या नमाजाला सुटते. फाटकापाशी डाव्या बाजूला उभी राहते, तिला तिथेच उभं राहायला सांगितलंय, तिथून ती हलणार नाही, अंधार पडला तरी हलणार नाही. कुणीतरी जा. तिला मशब्बक देऊ नका, पोट दुखतं तिचं. आई कुठेय विचारलं तर मुलुखिया खुडायला गेलीय म्हणा. ठाणं म्हणू नका.

आणि माझ्या भावाला फोन करा. महरूस अब्दुल-बाकी, इझबत अल-बुर्ज. नंबर माझ्या खोलीच्या भिंतीवर लिहिलाय, पाण्याच्या नळाच्या वर, पेन्सिलीने. दार उघडंच ठेवते. बोट समुद्रात असली की लागत नाही, बाई बोलते फोन बंद आहे म्हणून. तिचं ऐकू नका. पुन्हा लावा. तो रागावेल, रजबला शिव्या देईल, देऊ द्या. फक्त म्हणा रुदैनाला घेऊन जा, तुझ्या बहिणीने, शुरूकने सांगितलंय. हवालदार हाक मारतोय. लागला नाही तर संध्याकाळी लावा, उद्या लावा. लागेपर्यंत लावा.